वज्रलेपापासून इपॉक्सीपर्यंत : सांधणाऱ्या द्रव्यांचे वार्धक्य

इसवी सनाच्या सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिर ह्याने आपल्या ‘बृहत्संहिता’ ह्या ग्रंथात देवालयांची व प्रतिमांची लक्षणे सांगताना वज्रलेपासाठी एक स्वतंत्र अध्याय योजिला आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सांवरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल आणि वेखंड ही द्रोणभर पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाची. मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळाचा गर आणि आणखी काही वृक्षांचे निर्यास कालवून तो कल्क कढत असतानाच देवालयाच्या भिंती, गवाक्षे, शिवलिंगे, प्रतिमा आणि विहिरी ह्यांस लावावयाचा, असा तो विधी आहे. शिसे, कांसे व पितळ ह्या धातूंपासून करावयाचा ‘वज्रसंघात’ त्याच अध्यायात मयाच्या नावावर सांगितला आहे. ह्या लेपाचे आयुष्य ग्रंथकाराने सहस्र अयुत, म्हणजे एक कोटी वर्षे दिले आहे. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरतेच. लेप किती घट्ट बसतो ह्यापेक्षा तो किती काळ टिकतो, हा प्रश्न वराहमिहिरासही महत्त्वाचा वाटला होता.

आज ‘वज्रलेप’ हा शब्द कानी पडला म्हणजे पुष्कळ महाजनांच्या मनात वेखंड किंवा बेलफळ येत नाही. दोन नळ्यांतील द्रव्ये समभाग कालवून लावावयाचे ते चिकटद्रव्य येते. बाजारात ते ‘अ‍ॅराल्डाइट’ ह्या नावाने मिळते, आणि त्याचाच कणकेसारखा मळून लावावयाचा प्रकार ‘एम-सील’ म्हणून घरोघरी माहीत आहे. ह्या दोहोंच्या मुळाशी इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ आहे. मखराच्या निसटलेल्या पत्र्यापासून दीपस्तंभाच्या चिऱ्यापर्यंत तिचा उपयोग आता सर्रास होतो. तिचे सामर्थ्य सर्वांच्या परिचयाचे आहे. तिला वार्धक्य येते व ते ठराविक मार्गांनी येते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

ह्या राळेचा जन्म दंतवैद्यकाच्या कामातून झाला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टां हा रसायनज्ञ कृत्रिम दातांच्या कवळ्यांसाठी योग्य द्रव्य शोधीत होता. १९३८ साली त्याने आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. कवळ्यांच्या धंद्यात त्या द्रव्याला बरकत आली नाही. बाझल येथील सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये धातू जोडणारे चिकटद्रव्य म्हणून ते लोकांपुढे आणले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा ह्याच सुमारास रंग व रोगण ह्यांच्या दृष्टीने त्याच प्रकारच्या राळेवर काम करीत होता. पुढे ह्या द्रव्याचा लौकिक इतका वाढला की १९८३ साली लंडनमध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातफलकावर एक खरीखुरी मोटार चिकटवून दाखविण्यात आली. येणाजाणारे तोंडात बोट घालून पाहत राहिले. जाहिरातीचे काम तेवढेच असते.

दोन नळ्यांपैकी एकीत राळ असते व दुसरीत तिला कठीण करणारे द्रव्य. दोन्ही एकत्र येताच त्यांच्या रेणूंचे हात एकमेकांत गुंततात, उष्णता उत्पन्न होते आणि थोड्याच वेळात सर्व मिळून एकच अखंड जाळे तयार होते. साखर पाण्यात विरघळते किंवा लाख उष्णतेने वितळते, तसे ह्या जाळ्याचे होत नाही. एकदा आवळलेली इपॉक्सी कोणत्याही साध्या द्रावकात विरघळत नाही, आणि तापविल्यास मऊ झाली तरी वितळून वाहत नाही. तिच्या कीर्तीचे कारण हेच, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे तिच्याविषयीच्या तक्रारीचे कारणही हेच.

आरंभीच्या पंचवीस वर्षांत ह्या द्रव्याने खरोखरीच मोठी कामे केली. पॅरिसजवळ सेन नदीवर श्वाझी-ल-र्वा येथील पूल १९६० नंतरच्या वर्षांत उभा राहिला, तेव्हा त्याचे काँक्रीटचे ओतीव खंड इपॉक्सीच्या पातळ थराने एकमेकांस सांधले होते. सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या शिडांसारख्या छपरांच्या फासळ्या अशाच खंडांनी सांधून पोलादी तारांनी ताणून बसविलेल्या आहेत. ईजिप्तमधील अबू सिंबल येथील रामसेसची देवालये नाईलवरील नव्या धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. १९६४ ते १९६८ ह्या काळात ती कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. वीस-तीस टन वजनाच्या शिळा उचलण्यासाठी त्यांत पोलादी गज बसविले, ते इपॉक्सीच्या आधाराने. आणि जेथे वालुकाश्म ठिसूळ होता तेथे त्याच्या अंगात हीच राळ जिरवून त्यास बळकटी दिली.

ह्या कामांत काही गोष्टी समान होत्या आणि त्या विसरल्या जातात. राळ दोन दगडांच्या किंवा दोन काँक्रीटखंडांच्या मध्ये, अंधारात होती. पूल व छप्पर ह्यांचा मुख्य भार ताणलेल्या तारांवर व खंडांच्या परस्पर दाबावर होता. राळ फटी बुजवीत होती व दाब सर्वत्र सारखा वाटून देत होती. अबू सिंबलला तर पाऊस जवळजवळ पडतच नाही. जेथे ह्या तीन अटींपैकी एखादी सुटली, तेथे काय घडले हे पाहण्यापूर्वी ऊन, पाणी व उष्णता ह्या द्रव्यास नेमके काय करतात हे पाहिले पाहिजे.

उन्हातील जंबुपार किरण नेहमीच्या इपॉक्सीस सोसत नाहीत. तिच्या रेणूंतील काही वलये हे किरण शोषून घेतात व तेथील बंध तुटू लागतात. पारदर्शक थर आधी पिवळा, मग तपकिरी होतो. त्याची झिलई जाते आणि पुढे बोटाला खडूसारखी पूड लागू लागते. मात्र हा क्षय पृष्ठभागाचा आहे. सांधा दोन दगडांच्या मध्ये असेल तर किरणांना केवळ त्याची कड सापडते. म्हणून उन्हाने सांधा विद्रूप होतो, पण सहसा सुटत नाही. संगमरवराच्या पायरीवरील पिवळी रेघ पाहून सांधा गेला असे समजणे जितके चुकीचे, तितकेच रेघ स्वच्छ आहे म्हणून सांधा शाबूत आहे असे समजणेही.

पाण्याचे कार्य ह्याहून गुप्तपणे चालते. ही राळ जलाभेद्य आहे असा सार्वत्रिक समज आहे, पण तो खरा नाही. दीर्घकाळ ओलाव्यात राहिल्यास ती आपल्या वजनाच्या शेकडा दोन-चार इतके पाणी हळूहळू शोषून घेते. त्यामुळे ती किंचित फुगते व मऊ पडते. एवढ्यावर थांबले तर सुकल्यावर पुष्कळसे बळ परत येते. परंतु पाणी राळेतून झिरपत अखेर जेथे राळ दगडाला किंवा धातूला भेटते त्या सीमेवर जाऊन पोहोचते. दगड, काच आणि धातूवरील गंजाचा सूक्ष्म थर ह्यांना राळेपेक्षा पाण्याची ओढ अधिक. पाणी तेथे शिरून राळेला अक्षरशः बाजूला सारते. अशा रीतीने सुटलेला सांधा उघडून पाहिला तर राळ अखंड व कठीण दिसते. ती केवळ आपल्या जागेवरून निराळी झालेली असते. समुद्राजवळच्या हवेतील मीठ ह्या कामी पाण्याचे साहाय्यक ठरते, विशेषतः सांध्याखाली धातू असेल तर.

तिसरी गोष्ट उष्णतेची. खोलीच्या उष्णतामानात आवळलेली इपॉक्सी बहुधा ४५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आपला काचेसारखा कठीणपणा सोडून चामड्यासारखी होऊ लागते. ओलावा शोषलेला असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. वैशाखातील दुपारी उघड्यावरचा काळा पाषाण हाताला चटका देतो, तेव्हा तो ह्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेला असतो. त्यातच सतत भार असेल तर राळ तुटत नाही, ती रोज केसाएवढी सरकते.

ब्रिटिश संशोधकांनी चिकटविलेल्या धातूच्या पट्ट्या वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवून त्यांचे बळ मोजले होते. त्यासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये कोरड्या उष्ण व दमट उष्ण अशा दोन्ही प्रकारच्या जागा निवडल्या होत्या. इनिसफेल हे त्यांतील दमट ठिकाण. कोरड्या उन्हापेक्षा दमट उष्ण हवा सांध्यांचा अधिक नाश करते, आणि ओलाव्यात भार असलेला सांधा भार नसलेल्यापेक्षा लवकर खचतो, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट झाले. कोरड्या स्थितीत सर्वांत बलवान ठरलेली नायलॉनमिश्रित इपॉक्सी ओलाव्यापुढे सर्वांत दुबळी ठरली. दुकानात मिळणाऱ्या वेष्टनावर लिहिलेले बळ हे कोरड्या, नव्या सांध्याचे असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

प्रयोगशाळेतील हा निष्कर्ष हवाई बेटांवर माणसाच्या जिवावर बेतला. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूस निघालेल्या अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे छप्पर सुमारे १८ फूट लांबीपर्यंत आकाशात उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली; वैमानिकांनी बाकीच्या सर्वांसह विमान माउई बेटावर उतरविले. १९६९ मध्ये बांधलेल्या ह्या विमानाच्या पत्र्यांचे जोड रिव्हेट आणि इपॉक्सीने भिजविलेले पातळ कापड अशा दोहोंनी केलेले होते. ते कापड वापरापूर्वी अतिथंड ठेवावे लागे. बाहेर काढताच त्यावर दव जमे आणि सांधा मुळातच कच्चा राही. पुढे बेटाबेटांवरील खारट दमट हवेत, जवळजवळ ९०,००० उड्डाणांत तो कणाकणाने सुटला. मग सारा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला, तेथे गंज चढला व चिरा पडल्या. विमान बांधणाऱ्यांनी ती रीत १९७२ मध्येच सोडली होती, परंतु आधी बांधलेली विमाने उडतच होती.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांवर १९८० च्या सुमारास जे पूल झाले, त्यांच्या काँक्रीटमधील सळ्यांना गंज चढू नये म्हणून इपॉक्सीचे वेष्टण दिले होते. वेष्टण आणि चिकटद्रव्य ह्या गोष्टी वेगळ्या, पण राळेची धातूवरील पकड दोहोंत एकच. १९८६ मध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांतच, लाँग की पुलाच्या खांबांत गंज दिसला. उष्ण खाऱ्या पाण्यात वेष्टण सळईपासून सुटले होते. त्या राज्याने पुढे ही पद्धतच टाकून दिली. गोव्याच्या खाडीकाठची हवा फ्लोरिडाहून फारशी निराळी नाही.

बॉस्टनची घटना भाराची आहे. तेथील नव्या बोगद्यात काँक्रीटचे जड छत गजांनी टांगलेले होते व ते गज वरील छिद्रांत इपॉक्सीने बसविले होते. १० जुलै २००६ रोजी सुमारे २६ टन वजनाचा भाग एका मोटारीवर कोसळला आणि आत बसलेली एक स्त्री ठार झाली. चौकशीत आढळले की वापरलेली राळ लवकर आवळणारी होती. क्षणिक भार ती उत्तम सोसे, पण कायम टांगलेल्या भाराखाली ती सरकत असे. काही गज खाली उतरल्याचे बांधकाम चालू असताना १९९९ मध्येच दिसले होते. ते पुन्हा बसविण्यात आले व बोगदा खुला झाल्यावर त्यांकडे कोणी वर पाहिले नाही. येथे ऊन नव्हते, पाऊसही नव्हता. डोक्यावर जे टांगावयाचे ते केवळ चिकटवून टांगू नये, एवढा बोध सभामंडपात झुंबरे व घंटा लावणाऱ्यांनी ह्यातून अवश्य घ्यावा.

दगडाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उष्णतेने इपॉक्सी दगडाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक प्रसरण पावते. पातळ सांध्यात हे खपून जाते. पण एखादा मोठा खळगा तिने भरला तर रोज दुपारी ती फुगते, रोज रात्री आकसते, आणि भोवतालचा दगड तिच्याहून दुबळा असल्यामुळे तोच फुटतो. दुरुस्ती शाबूत राहून मूळ वस्तू फुटावी, हा प्रकार अथेन्सवासीयांना आधीच ठाऊक होता. तेथील अॅक्रोपोलिसवर बालानोस ह्या अभियंत्याने १८९८ पासून पुढे लोखंडी अडणी घालून संगमरवराचे सांधे केले. लोखंड गंजून फुगले व संगमरवर चिरला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीने ते काम उलगडून पुन्हा करावयास घेतले, तेव्हा तिने टिटॅनियमचे गज घेतले आणि ते बसविण्यासाठी पांढरे सिमेंट. इपॉक्सी हाताशी होती, तरी ही निवड झाली. दगडाच्या जातीचे, दगडाहून किंचित दुबळे आणि प्रसंगी काढता येण्याजोगे द्रव्य त्यांना पाहिजे होते.

काढता येणे ह्या मुद्द्यावर २०१४ ह्या एकाच वर्षातील दोन घटना परस्परांशेजारी ठेवण्याजोग्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील तुल्लिओ लोंबार्दोचा संगमरवरी ‘अॅडम’ २००२ मध्ये चौथरा खचून पडला व त्याचे शेकडो तुकडे झाले. ते सांधण्यास बारा वर्षे लागली. तज्ज्ञांनी बहुतेक सांध्यांसाठी इपॉक्सी नाकारून अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळा योजिल्या आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मूर्ती पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कैरोच्या संग्रहालयात तूतनखामेनच्या सुवर्णमुखवट्याची दाढी निखळली व ती घाईने इपॉक्सीने चिकटविण्यात आली. सोने व दाढी ह्यांमध्ये राळेची पिवळट रेघ राहिली आणि ती खरवडण्याच्या प्रयत्नात ओरखडेही उठले. २०१५ च्या जानेवारीत गोष्ट जगभर झाली. पुढे जर्मन तज्ज्ञ ख्रिस्तियान एकमान ह्यांच्या देखरेखीखाली ती राळ ऊब देऊन लाकडी हत्यारांनी कित्येक आठवडे हळूहळू काढावी लागली. नंतर दाढी पुन्हा बसविली ती मधमाशांच्या मेणाने. प्राचीन कारागिरांनीही मेणच वापरले होते.

गोव्याच्या देवालयांकडे ह्या दृष्टीने पाहता प्रत्येक जागेचे हवामान निराळे असल्याचे दिसून येते. दीपस्तंभ व तळीच्या पायऱ्या उघड्यावर आहेत. त्यांना वैशाखाचे ऊन आणि पाठोपाठ तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस सोसावा लागतो. त्यांचा चिरा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे आठ महिने ते बाहेर टाकतो. त्यावर इपॉक्सीचा लेप दिल्यास पाण्याची वाट बंद होते. आतील ओल व क्षार लेपाच्या पाठीमागे साचतात आणि काही वर्षांनी लेप चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच गळून पडतो. अशा कामास शिंपल्यांचा चुना आजही अधिक योग्य होय. तो दुबळा आहे, वारंवार लावावा लागतो, पण जाताना दगडाला बरोबर नेत नाही. गर्भकुडीत ऊन नाही. तेथे नित्याचा अभिषेक आहे. पाणी, दूध, दही, मध, मग वस्त्राने पुसणे, मग समयांची ऊब, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाणी. भिजणे व सुकणे ह्यांचा असा रोजचा फेरा संशोधकांनी मुद्दाम योजावा इतका कठोर आहे. पाषाणमूर्तीवरील कोणत्याही राळेची परीक्षा ह्यातच होते. सभामंडपातील चांदीचा पत्रा किंवा लाकडी खांबाची फट येथे मात्र ही राळ निर्धास्त वापरावी. तेथे ती पिढीभर टिकण्यास हरकत नाही.

काम कोणत्या महिन्यात केले हेही पाहावे लागते. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत कालविलेल्या राळेच्या पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा धरतो, कारण तिला कठीण करणारे द्रव्य हवेतील ओल व कार्बन डायऑक्साइड ह्यांशी आधी संयोग पावते. त्यावर दुसरा थर धरत नाही. ओल्या दगडावर लावलेली राळ दगडाला चिकटतच नाही, ती पाण्याच्या थराला चिकटते. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ सर्वांत चांगला. दोन्ही नळ्यांतील द्रव्यांचे प्रमाण अंदाजाने घेणे आणि लवकर आवळावे म्हणून एकाचे थोडे अधिक घालणे ही कारागिरांची सवय सांध्याचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने पारंपरिक रीती अपुऱ्या पडतील तेथेच, आणि शास्त्राने व अनुभवाने सिद्ध झालेली असतील तरच आधुनिक द्रव्ये वापरावीत असे म्हटले आहे. इपॉक्सी वापरणे अटळच असेल तेथे संवर्धक आधी दगडाच्या दोन्ही मुखांवर पॅरालॉइड बी-७२ ह्या विरघळणाऱ्या राळेचा पातळ हात देतात व मग इपॉक्सी घालतात. पुढे कधी सांधा उलगडावयाचा झाला तर अ‍ॅसिटोनने तो हात विरघळतो व इपॉक्सी आपोआप सुटते. उघड्या उन्हात हा उपाय तितकासा भरवशाचा नाही, कारण ती राळ चाळीस अंशांच्या सुमारासच मऊ पडते. छपराखालील मूर्तीसाठी व कोरीव कामासाठी तो चांगला आहे.

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीस १९५५ मध्ये वज्रलेप झाला होता. त्यानंतर पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संवर्धन झाले ते २०१५ मध्ये, आणि पुन्हा हात घालावा लागला तो २०२४ च्या एप्रिलमध्ये. पंढरपूरच्या विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींवर २०२० च्या जूनमध्ये अशीच प्रक्रिया झाली. ह्या मोठ्या क्षेत्रांच्या तारखा वर्तमानपत्रांतून तरी सापडतात. लहान देवालयाच्या बाबतीत महाजनांच्या दप्तराखेरीज दुसरा आधार नसतो. त्या दप्तरांत दुरुस्तीचा खर्च पैपर्यंत लिहिलेला आढळतो. द्रव्याचे नाव, प्रमाण, महिना आणि कोणत्या सांध्यास ते लावले ह्याची नोंद क्वचितच असते. जुना सांधा नेमका कशाचा आहे हे त्या नोंदीवाचून पुढच्या कारागिरास कळत नाही. तो खरवडून पाहतो, आणि खरवडताना मूळ पाषाणाचाही अंश जातो.